बेबीवहिनीची मंडई

फोन दुपारी आला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून दुपारी मी फोन उचलत नाही, हे दादाला पक्कं माहीत. तरी वाजतच राहिला, म्हणून उचलला. पलीकडून बराच वेळ नुसती पंख्याची घरघर... मग दादा म्हणाला, "सुमन, तुझी वयनी जेवली आन् जराशी आडवी झाली. आता उठूनच नाही राहिली." 'गेली' हा शब्द त्यानं त्या दिवशी वापरला नाही आणि अजूनही वापरत नाही. भंडाऱ्याहून गावी पोचेपर्यंत मी ते एकच वाक्य मनात घोळवत होते, आणि त्यातल्या 'जेवली' या शब्दाला धरून बसले होते. उपाशी नाही गेली. आमच्या घरातल्या बाईबद्दल हे असं छातीठोकपणे सांगता येणं साधी गोष्ट नव्हे. कशी ते सांगते.

बेबीवहिनी माझ्या थोरल्या भावाची बायको. नाव बेबी, आणि लग्न होऊन आली त्या दिवसापासून घरातलं सगळ्यात वडीलधारं माणूस तीच. करडीच्या अलीकडे आमचं गाव, घरी धानाची शेती, मागे बोडी. बोडी म्हणजे पावसाचं पाणी अडवलेला छोटा तलाव, त्याच्या बांधाला पाळ म्हणतात. मी लग्न केलं नाही. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा बदलीनं भंडाऱ्याला आले आणि तिथंच राहिले, पण दिवाळी आणि मंडईला गावी जायचं हे कधी चुकलं नाही. बाहेरच्या वाचकांसाठी एवढं सांगायला हवं, की आमच्याकडे दिवाळी भाऊबीजेला संपत नाही, तिथून सुरू होते. एकेका गावाची मंडई वेगवेगळ्या दिवशी भरते. मैदानात दुकानं लागतात, दंडारीचे, म्हणजे आमच्याकडच्या लोकनाट्याचे, ढोल वाजतात, रात्री नाटक असतं, आणि ज्या गावची मंडई त्या गावच्या प्रत्येक घरात पाहुण्यांचा लोंढा येतो. लेकी, जावई, साडू, व्याही, व्याह्यांचे शेजारी... कुणाला बोलवावं लागत नाही आणि कुणाला जेवल्याशिवाय जाऊ देत नाहीत. पुरुषमाणसं 'बसा बसा' म्हणून मोकळी होतात. चुलीपुढं मात्र पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत बाई असते, आणि तिच्या वाट्याला शेवटी येतो तो भांड्याच्या बुडाचा गार भात.

हे सगळं वहिनी हसतमुखानं करायची, असं आम्ही सगळे म्हणत आलो. हसतमुख होती हे खरं. तिचे बरबटीचे, म्हणजे चवळीचे, वडे खायला लोक मैलामैलांवरून येत, आणि कुणी वाखाणले की म्हणायची, "खा बापा, वडे काय बोलून नाही राहिले, का पुरे म्हणून." पण तिचीही एक मंडई होती. तिचं माहेर पवनीच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठी. तिथली मंडई आमच्या मंडईच्या आधी यायची. त्या दिवशी वहिनी लेक म्हणून जायची, पाटावर बसायची, भावजय तिला गरम वाढायची, आणि ती वाढलेलं सगळं खाऊन दुसऱ्या दिवशी परत यायची. सणासुदीच्या एवढ्या पसाऱ्यात तेवढा एकच दिवस ती पाहुणी असायची. त्या एका दिवसावर ती बाकीचा सगळा हंगाम ओढून नेत असेल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण तसा विचार करायची आमच्याकडे पद्धतच नव्हती.

मग गोसीखुर्द धरणाचं पाणी चढलं आणि ते गाव उठलं. भाऊ नव्या वसाहतीत राहायला गेला. घरं मिळाली, रस्ते सरळ होते, पण शेजारीपाजारी कुठले कुठले एकत्र आलेले. त्या वर्षी तिथं मंडई भरलीच नाही. दिवाळीभर मी वहिनीला पाहत होते. चिवडा परतताना मध्येच थांबायची, झारा हातात तसाच. हात थरथरायचे. एकदा भरली घागर ओट्यावर ठेवता ठेवता खाली बसली आणि छातीवर हात दाबून श्वास घेत राहिली. मी म्हटलं, दवाखान्यात चला. आई, म्हणजे तिची सासू, ओसरीतून म्हणाली, "दिवाळीत कोणाले थकवा येत नाही? मंडई झाली का झोप म्हणा." वहिनीनं पदरानं तोंड पुसलं आणि उठली.

मंडईचा दिवस. सकाळपासून घर भरलेलं, अंगणात पंगत बसलेली, मोठ्या गंजात भात शिजलेला, आणि कुणीतरी विचारलं, बेबी कुठं आहे? न्हाणीत असेल. नाही. शेजारी पीठ आणायला गेली असेल. तिथंही नाही. पहिल्यांदा सगळे चिडले. पंगत खोळंबली होती, आईचा आवाज चढला होता. मग चिडणं कधी ओसरलं आणि त्या जागी दुसरं काय आलं ते कळलं नाही, पण बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मैदानात दंडारीचा ढोल जोरात वाजत होता, त्यामुळे हाका मारलेल्या ऐकूही जात नव्हत्या. दादा नव्या सदऱ्यात दारोदार फिरून आला. त्याचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता.

बोडीच्या पाळीवर तिच्या चपला दिसल्या. हिरव्या पट्ट्याच्या, एकीशेजारी एक, नीट ठेवलेल्या. खाली पाणी.

त्यापुढचं मला सलग आठवत नाही. दादा सदऱ्यासकट पाण्यात उतरला, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, हातांनी पाणी चाचपडत, तिचं नाव घेत. आयुष्यात त्यानं चारचौघांत बायकोला नावानं हाक मारली नव्हती. ढिवरांच्या घरचे दोघे जाळं घेऊन धावत आले. पंगतीतले पाहुणे रिकाम्या पानांवरून उठून पाळीवर येऊन उभे राहिले. आई मटकन खाली बसली होती. सगळं गाव पाण्याकडं पाहत होतं.

"काय हारपलं वो?"

आवाज पाठीमागून आला. पाळीच्या दुसऱ्या उतरणीखाली, धानाच्या पुंजण्याआडून वहिनी उभी राहिली होती. हाताला वरणभात लागलेला. पुंजणं म्हणजे कापलेल्या धानाच्या पेंढ्यांची रास. त्या वर्षी घरामागची जागा अपुरी पडली म्हणून खळं पहिल्यांदाच पाळीच्या त्या अंगाला केलं होतं, आणि आदल्या दिवशी ते वहिनीनंच सारवलं होतं. सारवलेल्या खळ्यात आमच्याकडे कुणी चपला घालून पाय ठेवत नाही. धान यायची जागा ती. म्हणून तिनं त्या वर काढून ठेवल्या आणि उतरली. हे शेंबड्या पोरालाही कळावं अशी गोष्ट, आणि अख्खं शेतकऱ्यांचं गाव चपला बघून पाण्यात शिरलं.

आम्ही वर उभे राहून बघत होतो. दोन पुड्यांचा जर्मनचा डबा उघडा होता, तळाशी थोडा भात उरला होता. आईला आधी कंठ फुटला. "घरी पाव्हणे उपाशी, आन् तू अठी बसून काय करून राहिली?"

"जेवून राहिली," वहिनी म्हणाली. "माझी मंडई या वर्षी झाली नाही, म्हणून मीच करून राहिली. दोन घास उरले, खातो आन् येतो." आणि खरंच, सगळ्या गावादेखत, खाली बसून तिनं ते दोन घास खाल्ले. ओला चिंब दादा पाण्यातून वर आला आणि तिच्याजवळ जाऊन बसला. थंडीनं म्हणा की कशानं, कुडकुडत होता.

ती असली गोष्ट गावात टिंगलीला किती पुरते ते सांगायला नको. पुढं कित्येक दिवस पाहुण्यांत 'बेबीबाईची मंडई' हाच विषय. आई तर तिच्याशी महिनाभर धड बोलली नाही. पाहुण्यांच्या आधी सून जेवली, हे तिच्या गळी उतरेना. मी परत जायला निघाले तेव्हा वहिनी मोटारीपर्यंत पोचवायला आली आणि वाटेत हळूच म्हणाली, "बाई, तुमाले सांगतो, दुसऱ्या कोणाले सांगू नका. ते चुकीचं नोते समजले. मी पाण्याकडं पाहत लय वेळ उभी होती." मी थांबले. ती म्हणाली, "मंग भूक लागली." एवढं बोलून हसली. मी हसले नाही. आज ती नाही म्हणून हे लिहिते आहे. तिचा शब्द मोडते आहे खरी, पण कुठल्याशा घरात चुलीपुढं एखादी बाई झारा हातात धरून मध्येच थांबली असेल, तिच्या घरच्यांनी हे वाचावं म्हणून मोडते आहे.

त्यानंतर एकही मंडई अशी गेली नाही, की वहिनी आधी जेवली नाही. पंगत मांडायच्या आधी डब्यात गरम भात, वरण, भाजी, वर दोन वडे घालायची आणि चपला काढून खळ्यात जाऊन बसायची. सावकाश जेवायची, जरा वेळ नुसतीच पुंजण्याला टेकून डोळे मिटायची, मग पदर खोचून अशी परतायची की चुलीलाच धाक बसावा. सुरुवातीला लोक कुजबुजले. आईनं दोन वर्षं तोंड फुगवलं, तिसऱ्या वर्षी स्वतःच विचारलं, "डब्यात लोणचं टाकलं का?" दादा तर पाळीवर पहारेकऱ्यासारखा उभा राहायचा. कुणी हाक मारत आलं की म्हणायचा, "जेवून राहिली ते. थांबा जराशेक." वहिनीच्या छातीची धडधड एकदम गेली नाही. दवाखान्यातही मी नेलं, गोळ्याही घेतल्या. पण सण तिच्या अंगावर येणं थांबलं, आणि ती वडे तळताना पुन्हा टवाळी करायला लागली.

ती गेली नवरात्राच्या तोंडावर. या वर्षी दिवाळीत घरी कढई चढली नाही, दुखवट्याच्या घरात तळण करत नाहीत. मला वाटलं, मंडईला तरी घर शांत राहील. उलटच झालं. जे दहाव्याला येऊ शकले नव्हते ते सगळे मंडईच्या निमित्तानं भेटायला आले. दारात पाय ठेवताच बायका गळा काढत आणि वहिनीच्या सुनेच्या, वैशालीच्या गळ्यात पडत. "आता सासूसारखं सारं तुलेच पाहा लागते वो पोरी," असं जी ती म्हणे. लग्नाला जेमतेम दोन वर्षं झालेली ती मुलगी मान हलवे, डोळे पुसे आणि चुलीकडं पळे. सासूवर तिचा जीव होता, पण तिला रडायला जागा कुणी ठेवली नव्हती, सगळे आपापलं रडून तिच्यापुढं जेवायला बसत होते. दुपारी तिच्या हातातून पाण्याचे पेले ट्रेसकट खाली पडले. ती वाकली, उचलायला लागली, आणि तिचे हात थरथरताना मी पाहिले. तसेच. मी कुणाला तरी भात वाढत होते, वळून बघते तर वैशाली नव्हती.

न्हाणीत नाही, मागच्या पडवीत नाही. मैदानात ढोल सुरू झाला होता. मी वाढणं टाकून पाळीकडं निघाले. या वयात पळता येत नाही, तरी पळाले. पाळीवर चपला होत्या. चंदेरी पट्ट्याच्या, नव्या. एवढ्या वर्षांनी, सगळं ठाऊक असूनसुद्धा, माझे डोळे आधी पाण्याकडंच गेले... मग मी दुसऱ्या अंगाला धडपडत खाली उतरले.

पुंजण्याआड वैशाली मांडी घालून बसली होती. समोर तोच जर्मनचा डबा. ती जेवत होती आणि मोठ्यानं रडत होती, दोन्ही एकदम. समोर दादा अनवाणी उकिडवा बसला होता. नुकत्याच उतरलेल्या गंजातला पहिला भात त्यानं स्वतः डब्यात भरून आणला होता, तेही मी स्वयंपाकघरात असताना, माझ्या नकळत. "रडून घे बेटा," तो म्हणत होता, "पण भात गार होऊ देऊ नको."

माझी चाहूल लागली तशी त्यानं मान वर केली. म्हणाला, "तू जेवली?"

मी म्हटलं, माझं काय एवढं, पाहुणे बसलेत, होईल मागून.

"सून आल्यापासून तुझी वयनी सांगे मले," दादा म्हणाला. "म्हणे, सुनेचं झालं का बाईले विचारत जा. मास्तरीन साऱ्याइचं पाहते, तिले सोताची भूक समजत नाही." मग डब्याचा खालचा पुडा काढून त्यानं माझ्यापुढं सरकवला. त्यातही गरम भात होता. तो पुन्हा म्हणाला, "बस ना. आन् आधी चपला काढ, खळ्यात उभी आहे तू."

मी पाळीवर परत चढले, वैशालीच्या चपलांशेजारी माझ्या काढून ठेवल्या, आणि जेवायला खाली उतरले.