अण्णांचे मासे आणि रशीदभाई

रशीदभाई घरात आले की आधी पंखा बंद करायला लावायचे. मग रेडिओ, मग स्वयंपाकघरातला मिक्सर. सगळं शांत झालं की पिशवीतून हातभर लांब स्क्रू ड्रायव्हर काढायचे, त्याचं टोक फिल्टरच्या पंपावर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. कोणी खोकलं तरी हात वर करून म्हणायचे, “थांबा हो जरा. पेशंट बोलतोय.”

फिशटँक अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. शाळेतून निवृत्त झाले, आई गेली, गुडघ्यांनी जिना उतरू देणं सोडलं, तेव्हा मीच तो आणून दिला. चार फुटी काचेची पेटी, आठ गोल्डफिश आणि खालच्या कपाटात डब्यासारखा बंद फिल्टर. त्याच्यावरचा पंप महिन्याभरात खरखरायला लागला. दुकानदाराने हात वर केले आणि घोरपडे पेठेतल्या रशीदभाईंचं नाव सांगितलं. त्यांच्या घरी वडिलांपासून मोटारींच्या वाइंडिंगचं काम. माशांचे पंप ही यांची स्वतःची हौस. मोपेडवरून बिबवेवाडीचा चढ चढून आले आणि माझ्याकडे न बघता टँककडे बघून म्हणाले, “काय, मंडळी कशी आहेत?”

त्या दिवशी त्यांनी पंप उघडला आणि आतल्या चक्रीत अडकलेली मुगाएवढी गोगलगाय चिमट्याने बाहेर काढली. “हे बघा तुमचे वाजंत्री.” खरखर थांबली, पण कपाट घुमत होतं. त्यांनी घरातली जुनी स्लिपर मागितली, तिच्या चार चकत्या कापल्या आणि फिल्टरच्या खाली सरकवल्या. घुमणंही गेलं. अण्णा गणिताचे मास्तर. त्यांना कारण कळल्याशिवाय चैन पडेना. रशीदभाई म्हणाले, “अण्णा, अर्धा आवाज पंपाचा असतो, अर्धा कपाटाचा. लोक पंपाला शिव्या घालतात. कपाटाला कोणी बोलत नाही.”

अण्णा यावर इतके खूश झाले की ते वाक्य त्यांनी आठवडाभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं. पुढे रशीदभाई दर महिन्याला येऊ लागले. काम अर्ध्या तासाचं, बसणं दीड तासाचं. त्या दिवशी अण्णा धुतलेला सदरा घालून सकाळपासून दाराकडे बघत बसायचे. त्यांचं बघून इमारतीत आणखी सहा घरांत टँक आले आणि सहाही घरांत रशीदभाई जाऊ लागले. कुठेही गेले तरी चहा मात्र आमच्याकडेच प्यायचे. “तुमच्याकडे साखर बेताची आणि गप्पा सढळ,” म्हणायचे.

आता माझ्याबद्दल. मी सोसायटीचा सेक्रेटरी. ‘चपला ओळीत काढाव्यात, येथे प्रदर्शन भरलेले नाही’ असल्या पाट्या लिहून स्वतःवरच खूश होणारा. महिन्यातून एका शनिवारी आमच्याकडे चारपाच दर्दी जमून जुन्या तबकड्या ऐकायचे. पंपाची उरलीसुरली घरघर मला तेव्हा टोचायची. मी तक्रार केली तेव्हा रशीदभाई हसले. “साहेब, पाणी ढकलायचं म्हणजे एवढं तर तो बोलणारच. गाण्यापुरता तासभर बंद ठेवा. पण विसरलात आणि दिवसभर बंद राहिला, तर नुसतं बटण दाबू नका. डब्यातलं पाणी सडतं, ते सगळं मंडळींच्या अंगावर जाईल. आधी डबा धुवा. नाहीतर मला बोलवा, मी येतो.”

एका शुक्रवारी ते फिल्टर साफ करून गेले. शनिवारी संध्याकाळी मी पंप बंद केला. गाणं रंगलं. रविवारी पहाटे आम्ही अण्णांना खुर्चीत बसवून जिना उतरवला आणि नगरला लग्नाला गेलो. परतलो सोमवारी सकाळी. मासे वर येऊन तोंडं उघडत होते. तेव्हा मला पंप आठवला. रशीदभाईंचं सांगणंही आठवलं. बटणावर बोट ठेवलेलं असतानाच आठवलं. ऑफिसला उशीर होत होता. मी बटण दाबलं आणि निघालो.

दुपारी अण्णांचा फोन आला. मी पोहोचेपर्यंत आठही मासे उलटे तरंगत होते. अण्णा खुर्ची टँकजवळ ओढून बसले होते. म्हणाले, “शुक्रवारीच तर रशीदभाई साफ करून गेले होते रे.”

मी म्हणालो, “तेच तर.”

एवढंच म्हणालो. खोटं एक अक्षरही नाही. या हुशारीची मला आज शिसारी येते.

मंगळवारी रशीदभाई आले. या वेळी स्क्रू ड्रायव्हर काढलाच नाही. फिल्टरचं झाकण उघडलं तशी खोलीभर कुजक्या अंड्यांची घाण सुटली. त्यांनी झाकण लावलं आणि माझ्याकडे बघत सावकाश विचारलं, “साहेब, मध्ये लाइट गेली होती का?”

मला बाहेर पडायची वाट करून देत होते ते. ‘हो, गेली असेल’ म्हटलं असतं तर दोष ना त्यांच्यावर आला असता, ना माझ्यावर. अण्णा शेजारी बसले होते. मला वाटलं, हा माणूस मला पकडतोय. मी माझ्या पाट्यांच्या आवाजात म्हणालो, “आमच्याकडे लाइट गुरुवारी जाते. परवा रविवार होता.”

ते अण्णांकडे वळून म्हणाले, “मग माझंच काही चुकलं असेल, अण्णा. माफ करा.”

“अहो, वय होतं माणसाचं,” अण्णा म्हणाले. रशीदभाईंनी चहा अर्धा ठेवला आणि गेले.

बातमी जिन्याने खाली उतरली. सोसायटीच्या मीटिंगनंतर कोणीतरी मला विचारलं, रशीदभाईंना पुढे बोलवायचं का. “ज्याचं त्याने ठरवावं,” मी म्हणालो. सहाही घरांनी ठरवलं. अण्णांनी पुन्हा मासे आणले नाहीत. रिकाम्या टँकवर वर्तमानपत्रांचा गठ्ठा आला. कधी आठवण निघाली की म्हणायचे, “माणूस गुणी होता. हात गेला त्याचा.” दर वेळी मला वाटायचं, आता सांगावं. सात वर्षं वाटत राहिलं.

अण्णा गेल्यावर दोन महिन्यांनी मी घोरपडे पेठेत गेलो. रशीदभाई दुकानाबाहेर स्टुलावर बसले होते. खूप वाळले होते. मला ओळखलं, आतून दुसरं स्टूल आणलं आणि पहिलंच विचारलं, “अण्णा कसे आहेत?”

मी सांगितलं. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. मग मी तोंडपाठ करून आणलेलं सगळं बोललो. पंप, नगर, बटण, सगळं.

“माहीत होतं,” ते म्हणाले. “वासच सांगत होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“अण्णांसमोर? बापापुढे मुलाला खोटं पाडू? म्हणून तर लाइटचं विचारलं.” आवाज मुळीच चढला नव्हता. “हो म्हणायला काय जात होतं हो तुमचं?”

मी म्हणालो, सोसायटीच्या बोर्डावर लिहून लावतो, सहाही घरी जाऊन सांगतो. त्यांनी हातानेच ते बाजूला सारलं.

“त्यांचं जाऊ द्या. अण्णांना सांगितलं होतंत?”

“नाही.”

त्यांनी मान खाली घातली. माझ्यावर चिडले असते तर मला बरं वाटलं असतं.

“म्हणजे अण्णांच्या लेखी ते मासे मीच मारले.”

“हो,” मी म्हणालो.