झेंड्याची मागची बाजू

आमचे बाबा भोपाळच्या मोठ्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होते आणि वीस वर्षांत त्यांचं एकही ड्रॉइंग दुरुस्तीसाठी परत आलं नव्हतं. हे ते स्वतःच सांगायचे, आणि जरा जास्तच वेळा सांगायचे. तुर्कस्तानचे इंजिनियर ट्रान्सफॉर्मर बघायला येणार होते. त्यांचा झेंडा बाजारात मिळेना, तेव्हा साहेबांनी बाबांनाच बोलावलं. "आप ही बना दीजिए, बस गलती न हो."

बाबांनी वाचनालयातल्या एका जाडजूड पुस्तकातलं चित्र बघून झेंडा कागदावर काढला. मी शेजारी बसून बघत होते. कंपासनं एक वर्तुळ, त्याच्या आत जरा उजवीकडे सरकवून दुसरं लहान वर्तुळ, की झाली चंद्रकोर! समोर एक पांढरी चांदणी, बाकी सगळं लालभडक. एवढ्याशा चित्रातून अख्खा देश उभा राहतो याचं मला फार कौतुक वाटलं, अजूनही वाटतं. "कमी रेघांत काढायला जास्त अक्कल लागते," बाबा म्हणाले.

आईनं आनंद नगरच्या दुकानातून लाल पॉपलीन आणलं आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाचे चंद्र-चांदणी शिवायला दोन दिवस मशीनवर बसली. समारंभाच्या दिवशी दुपारचा भोंगा झाला, बाबा जेवायला घरी आले, आणि झेंडा बघून हात न धुताच ओरडले. चांदणी सरळ उभी होती, एक टोक वर.

"अगं, हिचं टोक चंद्राकडे असतं! मी तसंच काढलंय की!"

"मला वाटलं, घाईत तुमचा हात चुकला," आई म्हणाली. "आकाशकंदिलावर, रांगोळीत, चांदणी कुठे अशी कललेली पाहिलीत? म्हटलं, आपणच गुपचूप सरळ करावी. तुमचं नाव खराब नको व्हायला."

बाबांनी घड्याळाकडे पाहिलं. चार वाजता झेंडा चढणार होता.

आईनं ब्लेडनं दोन्ही बाजूंच्या चांदण्या उसवल्या. लाल कापडावर सुईची भोकं दिसायला लागली. तिनं पाण्याचं बोट लावून ती नखानं घासली, वरून इस्त्री फिरवली, भोकं मिटली. मग टोकं चंद्राकडे वळवून चांदण्या पुन्हा शिवल्या आणि झेंडा खिडकीत उन्हाला धरला.

"आता मला सांगा, तुमच्या ड्रॉइंगमध्ये मागची बाजू कुठे आहे?"

बाबांनी कागद पाहिला. तिथे एकच बाजू होती.

"मी लावताना मागचा चंद्र उलटा करून घेतला, म्हणून दोन्ही एकावर एक बसले. तुमच्या कागदाबरहुकूम दोन्ही सारखेच लावले असते, तर उन्हात दोन चंद्र दिसले असते, अहो."

बाबांनी हात धुतले आणि ते जेवायला बसले.

चार वाजता कॉलनीतली आम्ही सगळी गेटबाहेर उभी होतो. पाहुण्यांमधला वयस्कर इंजिनियर झेंड्याखाली बराच वेळ थांबला. ऊन मागून येत होतं आणि लाल कापडात एकच चंद्र उजळला होता. तो काय बोलला ते साहेबांनी आम्हाला हिंदीत सांगितलं. त्यांच्याकडे गोष्ट सांगतात, लढाईनंतर रक्ताच्या डोहात चंद्र आणि ताऱ्याचं प्रतिबिंब दिसलं, तोच हा झेंडा. मग त्यानं बुटक्या खांबावरच्या झेंड्याचा काठ हातात घेऊन उलटसुलट पाहिला, शिवण बोटानं चाचपली आणि कोणी बनवला म्हणून विचारलं.

"हमारे ड्रॉइंग ऑफिस ने," साहेब म्हणाले. बाबा बुटांकडे बघत राहिले. मला त्यांचा असा राग आला की घरी येईपर्यंत मी त्यांचं बोट धरलं नाही. आई मात्र वाटभर खुशीत होती, झेंडा किती छान दिसला म्हणत.

घरी आल्यावर बाबांनी चहा बाजूला सारला आणि तोच कागद जमिनीवर पसरला. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात दुरुस्त्यांचा एक चौकोन असतो. त्यांचा तो वीस वर्षं कोराच राहिला होता. पेन्सिलला टोक काढून त्यांनी त्यात सुबक अक्षरात लिहिलं, 'मागची बाजू राहिली होती.' आणि 'चूक कोणी काढली' या रकान्यात आईचं पूर्ण नाव.