साबणाची अक्षरं

सत्तरच्या दशकात मी नागपुरातल्या एका सायंदैनिकात बातमीदार होतो. आमच्या छापखान्यात मोठ्या लाकडी टाइपांचा एकच संच होता. अक्षरं जाड, रुंद, कुठेही कोपरा नसलेली, शिरोरेघ बोटाएवढी. रस्त्याच्या पलीकडून वाचता येत. पण ती आमची नव्हती. एका साबण कारखान्याने स्वतःच्या जाहिरातींसाठी ती कोरून घेतली होती आणि आमच्याकडे ठेवली होती. अट एकच: दुसऱ्या कशालाही वापरायची नाहीत.

एका उन्हाळ्यात सकाळीच दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, एकाच वस्तीतले सात जण जुलाब-उलट्यांनी आले आहेत आणि सगळे एकाच विहिरीचं पाणी पितात. मी बातमी लिहून दिली. छपाईची अक्षरं जुळवणारा आमचा कंपोझिटर त्याच वस्तीत राहायचा. बातमी वाचून तो थेट व्यवस्थापकांच्या टेबलापाशी गेला.

“साहेब, मथळ्याले ते साबणाचे अक्षरं द्या. आमच्याकडं पेपर चौकातल्या फळ्यावर लागते. बारीक अक्षर कोण वाचते उन्हात?”

“ती अक्षरं म्हणजे त्यांच्या मालाची ओळख आहे. लोकांना वाटेल, साबणाचीच जाहिरात.”

“पाणीच नासलं, तं साबण कायले लावाचं?”

दोघं-तिघं हसले. व्यवस्थापक हसले नाहीत. बातमी आतल्या पानावर, नेहमीच्या टाइपात, एका स्तंभात गेली. शेजारी अर्धं पान साबण. मी तिथेच उभा होतो.

दुपारी अंक छापून होताच कंपोझिटरने ती अक्षरं जाहिरातीतून मोकळी केली आणि प्रूफच्या यंत्रावर रद्दी कागदांवर एकच ओळ उठवली: ‘विहिरीचं पाणी पिऊ नका’. सायकलवर वस्तीत जाऊन संध्याकाळचं पाणी भरण्याआधी त्याने ते कागद विहिरीच्या कठड्यावर आणि चौकात चिकटवले. दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हा रहाटावर दोर नव्हता. बाया हंडे घेऊन सडकेवरच्या नळाला निघाल्या होत्या. साबण कुठे मिळतो, असं एकीनेही विचारलं नव्हतं.

कारखान्याच्या माणसाने ते कागद पाहिले. तक्रारीचं पत्र आलं. व्यवस्थापकांनी कंपोझिटरला बोलावलं, मलाही बसवलं.

“वस्तीत कोणी दगावलं का?”

“नाही, साहेब.”

“म्हणजे गरज नव्हती.”

कंपोझिटर लगेच बोलला.

“कोणी मेलं असतं, तं भेटले असते काय अक्षरं?”

व्यवस्थापकांनी एक कागद पुढे केला. माफीनामा आधीच टाइप करून ठेवला होता. ‘विनाकारण’ हा शब्द त्यात दोनदा होता. कंपोझिटरच्या घरी चार खाणारी तोंडं होती. त्याने सही केली. खाली साक्षीदाराची जागा रिकामी होती. व्यवस्थापकांनी कागद माझ्याकडे सरकवला. त्या ‘विनाकारण’खाली मी माझं नाव लिहिलं.