खापरीवरचं नाव

ऑफिसात हेडक्लार्कना सगळे पाठीमागे 'शब्दकोश' म्हणत, आणि त्यांना तो आपला मान वाटे. डबा खाताना कुणी 'लिफ्ट बंद आहे' म्हणालं, तरी हे लिफ्ट शब्दाच्या पणजोबापर्यंत जाऊन पोचत.

त्या दुपारी कॅशियर नेहमीसारखा मचमच आवाज करत जेवत होता. शब्दकोशांना तो टेबलावर नकोसा झाला होता, पण तोंडावर म्हणणार कसं? त्यांनी विद्येची ढाल पुढे केली.

"इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' म्हणतात, म्हणजे वाळीत टाकणं. मूळ ग्रीक शब्द 'ऑस्ट्राकॉन', म्हणजे खापरी. नको असलेल्या माणसाचं नाव लोक खापरीवर लिहीत. ज्याच्या नावाच्या खापऱ्या जास्त, तो दहा वर्षं गावाबाहेर. ना आरोप, ना सुनावणी. किती सुसंस्कृत लोक."

मग कॅशियरकडे गोड हसत त्यांनी फुटक्या बशीचे तुकडे मागवले. "गंमत म्हणून करून बघू."

एरवी जांभया देणारी मंडळी पेन शोधायला धावली. शब्दकोशांची शिकवणी पहिल्यांदाच एका फटक्यात सगळ्यांच्या डोक्यात शिरली होती. कॅशियरच्या नावाचा एकच तुकडा निघाला, तोही हेडक्लार्कच्या वळणदार अक्षरातला. बाकी सगळ्यांवर 'शब्दकोश' लिहिलेलं होतं.

संध्याकाळी घरी येऊन त्यांनी बायकोला झाला प्रकार सांगितला, अर्थातच ग्रीसपासून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बशीचा एखादा तुकडा उरला असेल," ती म्हणाली, "तर उद्या घरी घेऊन या."