मुनव्वर कंडक्टर चिडका का झाला

ते पत्र मीच लिहिलं. नाकारून काय उपयोग? मी सरू कांबळे, कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत फॉल-पिकोचं दुकान चालवते, आणि दोन हजार चारच्या उन्हाळ्यात मी पेपरच्या संपादकांना कळवलं, "मुनव्वर शेख यांना म्हातारचळ लागला आहे. त्यांना पहिल्यासारखं हसवायला सांगा, नाहीतर सदर बंद करा." पोस्टात टाकलं आणि दिवसभर स्वतःवर खूश होते.

मुनव्वरभाई एसटीत कंडक्टर. एक्क्याण्णव सालापासून इथल्या एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत त्यांचं प्रवासाचं सदर यायचं. पेठ वडगावच्या बाजारादिवशी बसमध्ये बकरं चढलं आणि पुढाऱ्याची टोपी खाऊन उतरलं, असलं काहीतरी. अठ्ठ्याण्णवला रिटायर झाले, आमची पेठ सोडून कसबा बावड्याला राहायला गेले. मग बायकोला, शहाजादीभाभीला, घेऊन विजापूर, हंपी, गोवा सुरू झालं. रविवारी माझ्या दुकानात बाया साड्या घेऊन बसायच्या आणि मी ते सदर मोठ्यानं वाचायची. तालमीसमोर चौकात फळा आहे. वाढदिवस, मयत, फुटबॉलच्या सामन्याची वेळ, सगळं त्याच्यावर. तालमीतला आकाराम तो लिहितो. सोमवारी त्या फळ्यावर मुनव्वरभाईंचं एखादं वाक्य हमखास असायचं.

सगळ्यात गाजलं ते भाभीवरचं. "आमची बेगम कोल्हापुरात पाणी पिते ते थेट मुक्कामाला. मधे थेंब नाही. मी कंडक्टर माणूस, हिला तिकीट बाईचं फाडू की उंटाचं, तेवढं सांगा." मी मशीन थांबवून हसले होते. बाया तर डोळे पुसत होत्या.

आणि दोन हजार दोनपासून माणूस बिघडला. एकटेच हंपीला गेले तर हंपीवर दोन ओळी आणि स्टँडच्या संडासावर दोन रकाने. मुरगूडकडं गेले तर वाटेतल्या एका स्टँडवर बायकांच्या मुतारीला कुलूप. किल्ली कुणाकडं? साहेबाकडं. साहेब कुठं? जेवायला. दर रविवारी हेच. पेठेत दोन तट पडले. निम्मे म्हणायचे, खरं लिवतंय म्हातारं, कुणीतरी लिवाय पायजे की. निम्मे म्हणायचे, सकाळच्या चहाबरोबर संडास कशाला? फळ्यावर कुणीतरी 'मुतारीसम्राट' असं लिहून गेलं आणि आकारामनं ते दोन दिवस पुसलं नाही. हसतील त्याचे दात दिसतील, म्हणून मुनव्वरभाई लिहीतच राहिले. मला त्याचाच राग यायचा. आठवडाभर लोकांच्या साड्यांच्या कडा मारायच्या, एक रविवार आपला, तोही ह्यांनी नासवला होता.

पत्र छापून आलं. शेजारी तसलीच आणखी नऊ. दोन दिवसांनी आकाराम दुकानात आला.

"आक्का, पत्र झ्याक लिवलंय. पर मुनव्वरभाई आता लेखच देनार न्हाय म्हनत्यात. पेपरवाल्यांनी सांगितलंय, बेस्तरवारपतूर काय तरी हसायसारखं दिलं न्हाय, तर सदर बंद."

"बंद तर बंद," मी म्हटलं.

"त्यांला तरी कुठनं हसाय सुचनार? भाभीला आठवड्यातनं दोनदा किडनीच्या मशीनवर न्याय लागतंय."

"कधीपास्नं?"

"दोन वर्सं झाली की. मला बी कालच कळालं."

मी दुकानाला कुलूप घातलं आणि बावड्याला गेले. रागानंच गेले. घरात असलं दुखणं आणि पेठेला एका शब्दानं सांगायचं नाही? पेठ काय परकी होती?

भाभी कॉटवर बसली होती. तोंड सुजलेलं, हात काळवंडलेले. उशाशी पाण्याची बाटली आणि बाटलीवर स्केचपेननं मारलेली रेघ. दिवसभरात प्यायचं पाणी तेवढंच, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं. मुनव्वरभाई टेबलापाशी होते. त्यांनी मला बस म्हटलं नाही.

"पत्र वाचलं तुमचं, सरूताई. शुद्धलेखन चांगलं हाय."

"मला म्हाईत न्हवतं, भाई."

"काय म्हाईत न्हवतं? मुरगूडला म्हायेरला जाताय न्हवं? वाटंत पानी पिताय?"

नाही पीत. गाडी धरायची असली की सकाळचा चहासुद्धा घेत नाही. माझ्या दुकानात हसणारी एकही बाई पीत नव्हती. उतरल्यावर जायचं कुठं? ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात. आमचं सगळ्यांचं जळत होतं आणि आम्ही खिदळत होतो. स्वतःच्याच दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं मला.

"डॉक्टर म्हनले, वर्सानुवर्सं पानी कमी, लगवी तुंबवून धरायची. त्यातनं इन्फेक्शन, त्यातनं किडन्या गेल्या," मुनव्वरभाई म्हणाले. "आन् मी त्याच्यावर टाळ्या घेतल्या. लिवलं की पयलं हिला वाचून दावायचो. ही हसली, म्हनून छापाय दिलं."

"तुमचे दोन दोस्त चा पीत बसलेले समोर," भाभी म्हणाली. "हसू न्हाय तर काय करू?"

ती मनापासून हसली नव्हती, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होतं. मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना.

"दोन वर्सं हिला एक ओळ वाचून दावली न्हाय मी," ते म्हणाले. "कुठल्या तोंडानं दावू?"

टेबलावर अर्धवट लिहिलेला कागद होता. त्याच कुलूपवाल्या स्टँडवर पुन्हा लिहायला घेतलेला. मी तो उचलून त्यांच्या हातात दिला आणि वाचा म्हटलं. ते नको नको म्हणत होते. भाभी म्हणाली, "वाचा की. पेठंनं वाचलं, मीच तेवढी ऱ्हायले."

त्यांनी वाचलं. कुलूप गंजलंय, म्हणजे किल्ली हरवूनही वर्षं झाली असणार. बाया भिंतीमागं आडोसा शोधतात आणि रिक्षावाले तोंड फिरवत नाहीत. तरी संबंधितांनी याकडे लक्ष द्यावे ही नम्र विनंती.

भाभीनं हात वर केला. "नम्र इनंती कुनाला?"

"असं लिवायची पद्धत असती."

"खोडा ते. ह्याला चिडका म्हनत्यात लोकं? लई मऊ लिवताय तुमी. माजं नाव घाला. शहाजादी मुनव्वर शेख, वय छप्पन. दोन वर्सं सुया टोचून घेती म्हनून लिवा. आन् कोन कोन हसलं त्ये बी लिवा."

मुनव्वरभाईंनी पेन घेतलं. बराच वेळ कागदावर टेकवलं नाही, पण टेकवल्यावर थांबले नाहीत.

तो लेख पेपरनं छापला नाही. सदर बंद झालं, आणि ते माझ्यासारख्यांच्या पत्रांनी झालं, हे मी विसरणार नाही. मी तो लेख आकारामकडं नेला. फळ्यावर मावेना, म्हणून त्यानं चार दिवस रोज थोडा थोडा लिहिला. चौकात माणसं सायकली टेकवून वाचत उभी असायची. कुणी शिव्या दिल्या, कुणी मान खाली घालून गेलं. तिसऱ्या दिवशी हसलेल्यांची नावं लिहायची पाळी आली. पहिलं मुनव्वरभाईंनी स्वतःचं घातलं होतं, दुसरं माझं.

आकारामचा खडू थांबला. "आक्का, तुमचं गाळू?"

"गाळतोस कशाला," मी म्हटलं. "जरा मोठ्या अक्षरात लिव."