भास्करराव आणि न पुसलेला कोयता

ॲडव्होकेट भास्करराव पंचाहत्तर वर्षांचे झाले, याचा आनंद आहेच. पण त्यांच्याविषयी लिहायला बसलो की मला आधी संताप येतो. त्यांचा नव्हे, ज्या गोष्टीसाठी त्यांना इतकी वर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या, तिचा.

डहाणूला त्यांच्या हाताखाली वकिली शिकायला गेलो, तेव्हा त्यांनी 'बसा' म्हणण्याआधीच सांगितलं, "एसटी पकडा, सायवनला जाऊन या. मग बोलू." सायवनच्या लाडकदादांना शेजारच्या रूपजींच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली होती. पुरावा एकच: त्यांच्या घरातला रक्ताळलेला कोयता, आणि रक्त माणसाचं असल्याचा प्रयोगशाळेचा अहवाल.

पाड्यावर जे कळलं ते तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. कापणीआधी शेतावर कोंबड्याचा बळी द्यायचा, आणि तो कोयता न पुसता कुडाला खोचून ठेवायचा. धुवायचा तो कापणी उरकल्यावरच. लाडकदादा पहिल्या दिवसापासून पोलिसांना सांगत होते, "कोंबड्याचा रगत हाय, साहेब." अहो, खून केलेला माणूस कोयता धुणार नाही? येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा खोचून ठेवील? पण अहवालावर शिक्का होता ना! मग विचार करायची गरजच काय?

भास्कररावांनी अपील हाती घेतलं आणि कोयत्याची फेरतपासणी मागितली. एक अर्ज फेटाळला की दुसरा तयार. कागदांवर ते वैतागत, माणसांवर कधी नाही. तुरुंगात भेटीला जायचे तेव्हा आधी सायवनला जाऊन येत. लाडकदादांना कोर्टाचं नंतर सांगत; आधी भात कसं आलंय, शेळी व्याली का, हे सांगत.

शेवटी दुसऱ्या प्रयोगशाळेने कळवलं: रक्त कोंबड्याचं. पहिलीने डाग रक्ताचा आहे एवढंच पाहिलं होतं. कोणाचं, ही तपासणी केलीच नव्हती. 'माणसाचं' हे नुसतं लिहून दिलं होतं. आंधळं दळतंय नि कुत्रं पीठ खातंय, दुसरं काय!

लाडकदादा निर्दोष सुटले. तोवर त्यांची लेक लग्न होऊन सासरी गेली होती. आम्ही पेढे आणले, तर भास्करराव उखडले. "पेढे कसले वाटता? माणूस आपल्या घरी आला. त्याला नेलंच का, ते विचारा!"

त्यानंतर रूपजींच्या पत्नी सोनीबाई ऑफिसात आल्या. इतकी वर्षं त्यांनी लाडकदादांच्या घराकडे पाहिलंही नव्हतं. भास्कररावांनी त्यांना खुर्ची दिली, चहा मागवला. चहा तसाच ठेवून सोनीबाईंनी विचारलं, "मंग माझे नवऱ्याला मारला कोणी?"

दुसऱ्याच दिवशी भास्कररावांनी रूपजींच्या खुनाच्या फेरतपासाचा अर्ज लिहायला घेतला. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. ते ऐकत नाहीत.

सोनीबाईंना उत्तर मिळेपर्यंत भास्करराव धडधाकट राहोत, एवढंच मागणं आहे. आपल्याकडच्या तपासाचा वेग पाहता, मी त्यांच्यासाठी फार मोठं आयुष्य मागतो आहे.