काकांनी दाखवलेली चूक

काकांना सख्खा पुतण्या एकही नव्हता, पण रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत झाडूवाल्यापासून मोठ्या साहेबांपर्यंत सगळे त्यांना काकाच म्हणत. सत्तावीस वर्षं त्यांनी तिथले कॉम्प्युटर सांभाळले. निवृत्तीला एक वर्ष उरलं होतं. माणूस कष्टाळू, हात स्वच्छ, खोड एकच, कौतुकाची भूक. जिन्याखालच्या अरुंद खोलीत, मोडक्या खुर्च्यांना खेटून, प्रयोगशाळेचा सर्व्हर होता आणि तो सहाशे अकरा दिवस एकदाही बंद झाला नव्हता. दुसरे लोक नातवंडांचे फोटो दाखवतात, काका येणाऱ्याजाणाऱ्याला हा आकडा दाखवत.

या आकड्यापायी काय झालं ते ऐका. आठ महिन्यांपूर्वी साऱ्या रुग्णालयाच्या नेटवर्कचे पत्ते बदलले. काकांनी सर्व्हरचंही सेटिंग बदललं आणि त्याच बैठकीत एक ओळ वाढवली: सुरू होताना आधी तळघरातल्या जुन्या मशीनला जोडून घे, ते भेटेपर्यंत पुढे जाऊ नको. जुने रिपोर्ट त्या मशीनवर होते. आता असली ओळ सर्व्हर फक्त सुरू होताना वाचतो. म्हणून बदल केला की मशीन एकदा बंद करून, पुन्हा चालू करून बघायचं, हा या धंद्यातला पहिला धडा. काकांनी तो कित्येकांना शिकवला होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! स्वतःवर वेळ आली तेव्हा त्यांना आकडा शून्यावर आणवेना. चालत्या गाड्याला खीळ कशाला, असं म्हणून ते जेवायला गेले. पुढे जुने रिपोर्ट सर्व्हरवर हलवले, तळघरातलं मशीन भंगारात गेलं आणि ती ओळ तशीच राहिली.

वहीताई ही तिथली कंत्राटावरची ऑपरेटर. कुणी काही सांगितलं की तारीख घालून वहीत उतरवायची, म्हणून तिला हे नाव पडलं. नवऱ्यापासून वेगळी झाली होती आणि लेकीला घेऊन थोरल्या बहिणीच्या स्वयंपाकघरात झोपत होती. सकाळी भाऊजींचा चहा व्हायच्या आत मायलेकींना अंथरूण गुंडाळावं लागे. महिनाअखेरीस तिच्या कंत्राटाची मुदत संपत होती. ती या खेपेला वाढली की नोकरी कायम, आणि मग भाड्याची का होईना, स्वतःची खोली. खोली तिने बघूनही ठेवली होती. लेकीने खिडकीजवळची जागा आपली म्हणून सांगून टाकली होती.

त्या मंगळवारी काका दात काढायला गेले होते. यूपीएसची बॅटरी बदलायचा साहेबांचा लेखी हुकूम होता. वहीताईने वहीत बघून, एकेक पायरी करत सर्व्हर बंद केला, बॅटरी बदलून घेतली आणि सर्व्हर चालू केला. तो अर्ध्यावर अडकला. काळ्या पडद्यावर एक लाल खूण इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरत राहिली. शेजारी लिहिलं होतं: नेटवर्कची वाट पाहत आहे, मर्यादा नाही. तिने तीनदा बंद करून चालू केला. तीनदा तेच.

काका सुजलेला गाल धरून आले तेव्हा रिपोर्टच्या खिडकीवर पन्नास माणसं होती. एकाच्या बायकोला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायचं अडलं होतं आणि तो माणूस खिडकीची जाळी धरून नुसता उभा होता. वहीताईचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काका, मी फक्त बंद केला हो. दुसरं काही केलं नाही."

"थांब, बघू दे," काका म्हणाले.

त्यांनी सर्व्हर दुरुस्तीच्या पद्धतीने उघडला आणि सेटिंगची फाईल काढली. बदल करील त्याने ओळीच्या वर वेगळी तारीख आणि नाव लिहायचं, ही तिथली शिस्त. ती काकांनीच लावलेली. पडद्यावर आठ महिन्यांपूर्वीची तारीख होती आणि पुढे लिहिलं होतं, काका. बघताक्षणी त्यांना सगळं समजलं: सर्व्हर भंगारात गेलेल्या मशीनची वाट बघत बसला होता. ओळ काढायलाच हवी होती. तारीख आणि नाव काढायची काही गरज नव्हती. काकांनी तिन्ही काढली.

चार मिनिटांत सर्व्हर सुरू झाला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मोठे साहेब स्वतः जिन्याखाली उतरले.

"काका, तुम्ही होतात म्हणून निभावलं. काय करून ठेवलं होतं हिने?"

दहा माणसं बघत होती. जबडा बधिर होता, काका गप्प राहिले असते तरी कुणी बोल लावला नसता.

"सेटिंग बिघडवलं गेलं होतं, साहेब. केलं मी नीट."

अशा माणसाचा राग येतो, आणि लाज अशी वाटते की त्या जागी आपण असतो तर काय बोललो असतो, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. काकांनी मनाशी ठरवलं होतं, जरा निवळलं की साहेबांना एकट्यात गाठून खरं सांगायचं. बुधवारी साहेब मीटिंगमध्ये होते. गुरुवारी काकांचा जबडा दुखत होता. शुक्रवारी वहीताईच्या हातात पत्र पडलं, मुदत वाढवता येत नाही.

संध्याकाळी ती जिन्याखाली आली. रडलेली दिसत होती, पण आवाज सरळ होता.

"काका, जाता जाता एक सांगा. माझं नेमकं काय चुकलं? पुढच्या ठिकाणी असं व्हायला नको."

खरं सांगायची याहून चांगली वेळ येणार नव्हती. ती विचारत होती, खोलीत तिसरं कुणी नव्हतं, आणि साहेब वरच बसले होते. काका खुर्चीत हलले.

"तू नेटवर्कची केबल आधी काढलीस का गं, मशीन बंद व्हायच्या आधी?"

ती आठवत राहिली. "काढली नसावी... पण घाईत काढलीही असेल."

"तेच झालं. त्याने सेटिंग अर्धवट राहतं."

"आधी मशीन, मग केबल," तिने वहीत लिहिलं. तारीख घातली. "तुम्ही सांगितलंत म्हणून कळलं, काका. बाकी सगळे नुसते ओरडले."

महिन्याभराने तिचा फोन आला. काका घरी भाजी निवडत होते.

"काका, मुलाखत झाली. दुसऱ्या एका रुग्णालयात. सगळं छान चाललं होतं. आधीची नोकरी का गेली विचारलं, तर मी खरं ते सांगून टाकलं. तिथले कॉम्प्युटरवाले हसायलाच लागले. म्हणाले, केबलने सर्व्हर असा अडकत नाही, तुम्हाला यातलं ओ की ठो कळत नाही."

काकांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मग?"

"मग मी वादच घातला. म्हटलं, आमच्या काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलंय, सत्तावीस वर्षं काढलीत त्यांनी, ते खोटं सांगतील का? नाही घेतलं मला. खोलीही गेली, दुसऱ्या कुणी घेतली. जाऊ दे. पण तुम्हाला कुणी खोटं ठरवलेलं मी ऐकून घेणार नाही. बरोबर बोलले ना मी, काका?"

"बरोबर बोललीस," काका म्हणाले.